युवराजांची सत्तावीस पत्रं आणि एक सही

पॅटागोनियन टूथफिश हा दक्षिण महासागरात, खोल आणि गार पाण्यात राहणारा मासा. तो चोरून पकडणाऱ्या बोटी मैलोनमैल लांबीचे गळ सोडतात. गळाच्या आमिषावर अल्बट्रॉस पक्षी झेप घेतात, अडकतात आणि बुडून मरतात. २००४ साली ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी एका मंत्र्याला पत्र लिहून कळवलं की, ही चोरटी मासेमारी थांबवण्याकडे जरा लक्ष द्या, नाहीतर बिचाऱ्या अल्बट्रॉसचं काही खरं नाही.

एवढंच. यात राज्य उलथेल असं काही नाही. तरीही हे आणि अशीच आणखी काही पत्रं लोकांच्या हाती लागू नयेत म्हणून ब्रिटिश सरकार दहा वर्षं लढलं. माहिती आयुक्त, न्यायाधिकरण आणि त्यानंतर तीन न्यायालयांतले मिळून तेरा न्यायाधीश या पत्रांपायी कामाला लागले. सरकारचा वकिलांवरचा खर्चच चार लाख पौंडांच्या वर गेला. पत्रं युवराजांच्या हस्ताक्षरावरून ‘ब्लॅक स्पायडर मेमो’ म्हणून ओळखली जातात. काळ्या शाईतलं ते ठिकठिकाणी अधोरेखित लिखाण पाहिलं की कोळी शाईत बुडून कागदावरून चालत गेला असावा असं वाटतं. प्रकरणाची आठवण निघते ती या नावामुळे आणि राजघराण्याबद्दलच्या कुतूहलामुळे. मला त्यातला दुसराच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. न्यायाधिकरणानं ‘माहिती द्या’ असा निकाल दिल्यावर सरकारनं त्यावर अपील केलंच नाही. एका मंत्र्यानं एका कागदावर सही केली आणि निकाल रद्द झाल्याचं जाहीर केलं. लढाई खरी झाली ती या सहीवर.

ही सही कायद्यात कशी आली, तिथून सुरुवात करू. १९९७ साली टोनी ब्लेअर यांचा मजूर पक्ष अठरा वर्षांनी सत्तेवर आला. माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा आणण्याचं आश्वासन त्यांच्या जाहीरनाम्यात होतं. त्याच वर्षी डिसेंबरात डेव्हिड क्लार्क या मंत्र्यानं श्वेतपत्रिका काढली. ती इतकी उदार होती की प्रचार करणाऱ्या कार्यकर्त्यांनाही सुखद धक्का बसला. मंत्र्यांना नकाराधिकार द्यावा का, याचा विचार करून तो द्यायचा नाही असं तिच्यात स्पष्टच म्हटलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात क्लार्क यांचं मंत्रिपद गेलं आणि विधेयक गृहखात्याकडे आलं. गृहमंत्री होते जॅक स्ट्रॉ. गुपितं सांभाळणं हेच ज्या खात्याचं काम, त्याच्याकडे गुपितं उघडण्याचा कायदा लिहायला दिला. मग जे व्हायचं तेच झालं. २०००च्या नोव्हेंबरात कायदा मंजूर झाला तेव्हा त्यात कलम ५३ होतं. माहिती देण्याचा हुकूम झाला असेल, तर मंत्रिमंडळातला मंत्री किंवा अ‍ॅटर्नी जनरल वीस कामकाजी दिवसांत प्रमाणपत्र काढू शकतो. माहिती नाकारण्यात कायद्याचा भंग झालेला नाही असं ‘वाजवी कारणांवरून’ आपलं मत झालं आहे, इतकं त्यात लिहायचं. की हुकूम निष्प्रभ. ब्लेअर यांनी पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात हा कायदा आणल्याबद्दल स्वतःलाच भरपूर शिव्या घातल्या आहेत. कलम ५३ हाताशी असूनही त्यांना इतकी हळहळ वाटावी, ही त्या कायद्याची एका परीनं तारीफच म्हणायची.

कायदा लागू झाला १ जानेवारी २००५ला. तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, ‘गार्डियन’चे पत्रकार रॉब इव्हान्स यांनी सात सरकारी खात्यांकडे अर्ज केले. १ सप्टेंबर २००४ ते १ एप्रिल २००५ या सात महिन्यांत युवराज आणि तुमचे मंत्री यांच्यात झालेला पत्रव्यवहार द्या, एवढीच मागणी. तारखा नेमक्या, खाती नेमकी. आपल्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहावा याची शिबिरं घेणाऱ्यांनी नमुना म्हणून दाखवावा असा अर्ज. खात्यांनी नकार दिला. फेरविचार मागितला, पुन्हा नकार. मग तक्रार गेली माहिती आयुक्तांकडे, आणि तिथे ती पडून राहिली. निर्णय आला डिसेंबर २००९मध्ये: खात्यांचं बरोबर आहे.

इथे आपल्या आणि तिकडच्या व्यवस्थेतला फरक सांगायला हवा. आपल्याकडे पहिलं अपील खात्यातल्याच वरिष्ठाकडे, दुसरं माहिती आयोगाकडे, आणि कायद्याच्या पुस्तकापुरता तिथे रस्ता संपतो. तिकडे आयुक्तांच्या वर न्यायाधिकरण आहे. आयुक्तांच्या निर्णयाविरुद्ध अर्जदार आणि सरकारी खातं दोघांनाही तिथे अपील करता येतं. आयुक्त कायद्याच्या बाबतीत चुकले का, एवढंच पाहून न्यायाधिकरण थांबत नाही. ते सगळं नव्यानं तपासतं: साक्षी काढतं, उलटतपासणी होऊ देतं, वादातले कागद स्वतः वाचतं आणि लोकहिताचं पारडं कुठे झुकतं ते ठरवतं. त्याच्या वर कायद्याच्या मुद्द्यावर पुढची अपिलं आहेत. इव्हान्स यांचं प्रकरण महत्त्वाचं म्हणून थेट वरिष्ठ न्यायाधिकरणाकडेच गेलं. हे न्यायाधिकरण २००७च्या कायद्यानं निर्माण झालेलं आणि त्याला वरिष्ठ न्यायालयाचा दर्जा आहे. कलम ५३ लिहिलं गेलं तेव्हा ते अस्तित्वातच नव्हतं. हा तपशील पुढे कामाला येतो.

माहितीच्या अपिलांमध्ये एक विचित्र प्रकार असतो. ज्या कागदांसाठी भांडण चाललंय ते अपील करणाऱ्याला दाखवता येत नाहीत. दाखवले तर भांडणच संपलं. त्यामुळे सुनावणीचा काही भाग बंद दाराआड होतो. त्या वेळी अर्जदारानं आणि त्याच्या वकिलांनी बाहेर बसायचं. आत न्यायाधीश आणि समोरच्या पक्षाचे वकील पत्रांवर ओळीओळीनं बोलतात. बाहेर आल्यावर तुम्ही पुन्हा अंदाजानं युक्तिवाद करायचा. इव्हान्स यांची बाजू अशी आंधळ्या कोशिंबिरीच्या थाटात मांडली गेली.

सरकारची भूमिका मात्र पोरकट नव्हती. ब्रिटनची राज्यघटना एका पुस्तकात बांधलेली नाही. बराचसा कारभार संकेतांवर चालतो. वॉल्टर बॅजट यांनी १८६७ साली मांडलेला संकेत सर्वांना मान्य आहे: राजानं मंत्र्यांचा सल्ला मानायचा, पण मंत्र्यांनी त्याचं मत विचारावं, त्यानं त्यांना उत्तेजन द्यावं आणि प्रसंगी सावधही करावं. हा संवाद गुप्त राहतो, कारण राजा कुणाच्याच बाजूचा दिसता कामा नये. सरकारचं म्हणणं होतं की, युवराज म्हणजे उद्याचा राजा. त्याला कारभाराचं शिक्षण मिळायला हवं, मंत्र्यांशी पत्रव्यवहार हा त्या शिक्षणाचाच भाग, म्हणून तोही तितकाच गुप्त. घटनातज्ज्ञ रॉडनी ब्रेझियर सरकारच्या बाजूनं साक्षीला आले, तर अ‍ॅडम टॉमकिन्स इव्हान्स यांच्या बाजूनं. दोन प्राध्यापकांनी अलिखित घटनेत काय लिहिलंय यावर वाद घालायचा, हा सोहळा ब्रिटनमध्येच होऊ जाणे.

न्यायाधिकरणानं १८ सप्टेंबर २०१२ रोजी निकाल दिला. शिक्षणाचा संकेत आहे, ते त्यांनी मान्य केलं. पण शिकणं वेगळं आणि पाठपुरावा करणं वेगळं. एखाद्या धोरणासाठी किंवा एखाद्या संस्थेसाठी युवराज मंत्र्यांकडे आग्रह धरत असतील, तर त्यांचं शिक्षण चाललं आहे असं म्हणता येणार नाही. कोणतीही दबाव टाकणारी मंडळी करतात तेच ते करताहेत. मग इतरांची तशी पत्रं उघड होतात, तर यांची का नकोत? शिवाय युवराज अशी पत्रं लिहितात हे गुपित उरलंच नव्हतं. जोनाथन डिंबलबी यांनी १९९४ साली लिहिलेल्या चरित्रात त्याचे भरपूर दाखले होते, आणि त्या चरित्रासाठी खुद्द युवराजांनीच आपली कागदपत्रं खुली केली होती. म्हणजे स्वतःला सोयीची पत्रं चरित्रकाराला द्यायची आणि बाकीची राज्याचं गुपित म्हणून झाकायची. न्यायाधिकरणाला हे पटलं नाही. निकाल लांबलचक आहे, पण कंटाळवाणा नाही. संकेत म्हणजे काय आणि तो कसा ओळखायचा, हे समजून घ्यायला घटनेच्या विद्यार्थ्यांनी तो अजूनही वाचावा.

या निकालाविरुद्ध खात्यांना कायद्याच्या मुद्द्यावर अपील करता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. १६ ऑक्टोबर २०१२ रोजी अ‍ॅटर्नी जनरल डॉमिनिक ग्रीव्ह यांनी कलम ५३चं प्रमाणपत्र काढलं. नकाराधिकार वापरला गेला तो काही पहिल्यांदा नव्हे. पहिल्यांदा तो २००९च्या फेब्रुवारीत, इराक युद्धाआधीच्या मंत्रिमंडळ बैठकांच्या इतिवृत्तांसाठी वापरला गेला होता, आणि वापरणारे मंत्री होते जॅक स्ट्रॉ. ग्रीव्ह यांच्या प्रमाणपत्रातली कारणं वाचली की न्यायाधिकरणातला सरकारी युक्तिवादच पुन्हा वाचतोय असं वाटतं. पत्रांत युवराजांची मनापासूनची मतं आहेत. ती उघड झाली तर ते एका पक्षाच्या धोरणाविरुद्ध आहेत असा समज होईल. युवराज असताना गमावलेली तटस्थता राजा झाल्यावर परत मिळवता येत नाही. मांडणी नेटकी, पण त्यात नवं काही नव्हतं. हे सगळं साक्षीपुराव्यानिशी ऐकून न्यायाधिकरणानं नाकारलं होतं.

या प्रमाणपत्राविरुद्ध अपिलाची तरतूदच नव्हती. इव्हान्स यांना न्यायिक पुनर्विलोकनासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. जुलै २०१३मध्ये ते तिथे हरले. मंत्र्यानं न्यायालयीन निकाल खोडून काढावा हे घटनेच्या दृष्टीनं किती विपरीत आहे ते मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड जज यांनी (होय, न्यायाधीशांचं आडनावच जज) लपवलं नाही. पण संसदेनंच तो अधिकार दिलाय आणि कारणं वाजवी आहेत, म्हणून त्यांनी प्रमाणपत्र टिकवलं. पुढच्या मार्चमध्ये अपील न्यायालयानं ते एकमतानं रद्द केलं. आता अपिलात जायची पाळी सरकारची होती, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला २६ मार्च २०१५ रोजी. सात न्यायाधीश, पाच विरुद्ध दोन, सरकार हरलं.

बहुमतातल्या पाचांचं एकमत मात्र फक्त निष्कर्षावर होतं. अध्यक्ष लॉर्ड न्यूबर्गर आणि त्यांच्याबरोबरचे दोघे दोन जुन्या तत्त्वांवर उभे राहिले. न्यायालयाचा निर्णय पक्षकारांवर बंधनकारक असतो. शासनासह कुणालाही तो बाजूला सारता येत नाही. आणि शासनाच्या निर्णयांची तपासणी न्यायालय करतं, उलट नव्हे. संसदेला हे तत्त्व मोडायचंच असेल, तर तिनं ते लखलखीत शब्दांत सांगायला हवं. कलम ५३ तेवढं स्पष्ट नाही. परिस्थितीत मोठा बदल झाला असेल किंवा निकाल उघडउघड सदोष असेल, तरच प्रमाणपत्र काढता येईल. लॉर्ड मान्स आणि लेडी हेल इतक्या लांब गेले नाहीत. मंत्री असहमत होऊ शकतो, पण ज्यांनी साक्षी ऐकल्या त्यांनी ठरवलेल्या गोष्टींना छेद द्यायचा तर त्याच्याकडे भक्कम कारण हवं, आणि ग्रीव्ह यांच्याकडे ते नाही, असं त्यांचं मत.

विरोधी मत देणाऱ्यांपैकी लॉर्ड विल्सन यांचा रोख साधा होता: हा कायद्याचा अर्थ लावणं नव्हे, हे कायदा नव्यानं लिहिणं झालं. या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण त्यांना दोन ओळींत गुंडाळतात. मला ते अन्याय्य वाटतं. कलम ५३ शांतपणे वाचलं तर संसदेला नेमकं तेच अभिप्रेत होतं हे नाकारणं अवघड आहे. शेवटचा शब्द मंत्र्याचा, आणि त्याची किंमत त्यानं संसदेत राजकीयदृष्ट्या मोजायची. न्यूबर्गर यांच्या निकषांवर ते कलम जवळजवळ रिकामं उरतं, कारण उघडउघड सदोष निकालाविरुद्ध अपील असतंच. तरीही मला बहुमताचा निकाल योग्य वाटतो. तो मान्स यांच्या वाटेनं. मंत्र्याचं मत आणि सात वर्षांच्या प्रक्रियेतून, साक्षी तपासून निघालेला निष्कर्ष एकाच तराजूत घालता येत नाहीत. ‘वाजवी’ या शब्दाला काही अर्थ असेल, तर तो इथे हवा. विल्सन यांना यात न्यायाधीशांची उडी दिसली, ती मलाही दिसते.

प्रकरणात एक बाजूची गल्लीही होती. पर्यावरणाशी संबंधित माहितीला ब्रिटनमध्ये वेगळे नियम लागू होते आणि त्यांच्यामागे युरोपीय संघाचा निर्देश होता. त्यात मंत्र्याच्या नकाराधिकाराला जागाच नाही, असं सातपैकी सहांनी ठरवलं. म्हणजे मासे, बिजू आणि अल्बट्रॉस यांच्याबद्दलची पत्रं पाच-दोनच्या वादात न पडताही बाहेर आली असती.

१३ मे २०१५ रोजी सत्तावीस पत्रं प्रसिद्ध झाली: काही युवराजांची, काही मंत्र्यांची उत्तरं, दोन-तीन खासगी सचिवांमधली. क्षयरोग गायींमध्ये पसरवतात म्हणून बिजूंना मारण्याचा आग्रह, डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांची काळजी, वनौषधींवर येणाऱ्या युरोपीय निर्बंधांबद्दल तक्रार, अंटार्क्टिकामधल्या स्कॉट आणि शॅकल्टन यांच्या झोपड्या जतन करण्याची विनंती. कुणी म्हणालं, चांगला माणूस आहे बिचारा; कुणी म्हणालं, वेळ बराच दिसतोय. चार दिवसांत विषय मागे पडला. पण त्या गठ्ठ्यात पंतप्रधानांना लिहिलेलं एक पत्र वेगळं आहे. लिंक्स जातीची हेलिकॉप्टरं कडक उन्हाळ्यात नीट चालत नाहीत, त्यांच्या जागी नवी आणण्याचं लांबतंय, आणि इराकमधल्या सैनिकांना पुरेशा साधनांविना अवघड काम करावं लागतंय, असं त्यात म्हटलं होतं. युवराजांचं म्हणणं बरोबर असेलही. पण भावी सरसेनापती युद्ध चालू असताना पंतप्रधानांकडे संरक्षण खर्चाचा तगादा लावतो, ही गोष्ट नागरिकाला ठाऊक असावी की नाही, याचं उत्तर अल्बट्रॉसच्या पत्रावर हसून देता येत नाही.

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपण म्हणतो. सरकारला ही म्हण लागू होत नाही, कारण पायऱ्यांचा खर्च त्याच्या खिशातून जात नाही. आपला माहिती अधिकार कायदा त्याच वर्षीचा, १२ ऑक्टोबर २००५पासून लागू झालेला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा तर त्याच्याही आधीचा, २००२चा. आपल्या कायद्यात कलम ५३सारखी सही नाही. कलम १९(७)नुसार आयोगाचा निर्णय बंधनकारक, आणि कलम २३ दिवाणी दाव्याचा रस्ताही बंद करतं. तरी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६खाली उच्च न्यायालयात रिट करता येते, आणि ती करायला सरकारी यंत्रणा मागेपुढे पाहत नाहीत. याचं सगळ्यात नवलाचं उदाहरण सर्वोच्च न्यायालयाचंच. नोव्हेंबर २००७मध्ये सुभाषचंद्र अग्रवाल यांनी न्यायालयाच्या माहिती अधिकाऱ्याला विचारलं की, १९९७च्या ठरावाप्रमाणे न्यायाधीश आपली मालमत्ता सरन्यायाधीशांकडे जाहीर करतात का? मालमत्ता किती, हे विचारलंच नव्हतं. केंद्रीय माहिती आयोगानं जानेवारी २००९मध्ये माहिती द्यायला सांगितलं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाची यंत्रणा अर्जदार बनून दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिथे एकल न्यायाधीशांपुढे हरली; मग जानेवारी २०१०मध्ये पूर्णपीठापुढे हरली. त्या पीठाचे प्रमुख मूळ सोलापूरचे अजित प्रकाश शहा. मग अपील स्वतःकडेच. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ते निकालात काढलं १३ नोव्हेंबर २०१९ला, अग्रवाल यांच्या बाजूनं. मूळ प्रश्नाचं उत्तर दहा वर्षांपूर्वीच, २००९मध्ये, न्यायाधीशांनी आपण होऊन मालमत्ता संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली तेव्हा मिळून गेलं होतं.

ब्रिटनमध्ये निकालानंतर सरकारनं माहिती कायद्याचा फेरविचार करायला एक आयोग नेमला. सदस्यांमध्ये पुन्हा जॅक स्ट्रॉ. मार्च २०१६मध्ये अहवाल आला. नकाराधिकार कायद्यात स्पष्ट करावा अशी त्यात शिफारस होती. सरकारनं तसा कायदा केला नाही.

त्याची राजघराण्यापुरती निकड उरलीही नव्हती. इव्हान्स यांचं अपील चालू असतानाच, २०१०मध्ये, संसदेनं कायदा दुरुस्त केला होता. १९ जानेवारी २०११पासून राजा किंवा राणी, युवराज आणि त्यांच्यानंतरचा वारस यांचा पत्रव्यवहार या कायद्यातून संपूर्णपणे वगळला गेला. लोकहिताचं पारडंही त्यात राहिलं नाही. इव्हान्स जिंकले ते जुन्या कायद्यावर. चार्ल्स सप्टेंबर २०२२मध्ये राजे झाले. त्याआधीच्या वर्षांत त्यांनी मंत्र्यांना जे काही लिहिलं असेल, ते लिहिल्यापासून वीस वर्षं किंवा त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षं, यांपैकी जे उशिरा येईल तोवर या कायद्याखाली मिळणार नाही. पर्यावरणाचे नियम वेगळे असल्यामुळे, टूथफिशबद्दल मात्र विचारून पाहता येईल.